पोट फाडू नका, कनेक्टर वापरा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीतला, जुन्या आर्केड मशीनमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या कपाटात, रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर बसवण्याविषयीचा लेख वाचला. विषय माझ्या आवडीचा, म्हणून अधाशासारखा वाचला आणि शेवटाला पोचेपर्यंत डोकं तापलं. जुना मॉनिटर काढून टाका, आतलं वायरिंग कापा, एलईडी पॅनल बसवा, एचडीएमआयची केबल जोडा, यूएसबीवर चालणारी नवी बटनं लावा आणि खेळायला बसा, असा एकूण सल्ला. काम म्हणे सुट्टीच्या एका दिवसाचं. एवढं सगळं काढून टाकल्यावर मशीनचं उरतं काय, तर प्लायवुडचं खोकं आणि वरची रंगीत पाटी. सतारीच्या तारा उतरवून भोपळ्यात ब्लूटूथ स्पीकर बसवावा आणि सतार दुरुस्त केली म्हणून सांगावं, त्यातला हा प्रकार.

मी टीव्ही मेकॅनिक. पिक्चर ट्यूबच्या जमान्यात धंद्याला लागलो आणि त्याच ओघात गेमच्या मशीनचे मॉनिटरही हाताखालून गेले. रास्पबेरी पाय, ज्याला आम्ही नुसतं 'पाय' म्हणतो, तो वापरायला माझा अजिबात विरोध नाही. मी स्वतः वापरतो. विरोध आहे तो कटरला. जुनी मशीनं आता नव्याने तयार होत नाहीत, आणि कापलेलं वायरिंग परत जोडायला कुणी बसत नाही.

लेखात एका शब्दानेही उल्लेख नसलेली गोष्ट म्हणजे जामा. सुरुवातीच्या काळात प्रत्येक कंपनीची जोडणी वेगळी असायची. एकीचा बोर्ड, म्हणजे ज्यात गेम असतो ते सर्किट, काढून दुसरीचा लावायचा तर सगळं वायरिंग नव्याने ओढा. 1985 साली जपानमधल्या करमणुकीची यंत्रं बनवणाऱ्यांच्या संघटनेने एक सामाईक जोडणी ठरवली, तीच जामा. बोर्डाच्या कडेवरच तांब्याच्या पट्ट्या, वरच्या अंगाला 28 आणि खालच्या अंगाला 28. दोन पट्ट्यांमधलं अंतर 3.96 मिलिमीटर. या 56 जागांमधून सगळा व्यवहार होतो: 5 आणि 12 व्होल्टचा सप्लाय, अर्थ, लाल-हिरवा-निळा, सिंक (ओळ आणि चित्र कधी सुरू करायचं ते सांगणारा इशारा), स्पीकर, कॉइनचा स्विच, दोघा खेळाडूंच्या जॉयस्टिक आणि बटनं. गेम बदलायचा झाला की जुना बोर्ड ओढून काढायचा आणि नवा खोचायचा. मॉनिटर तोच, स्पीकर तोच, बटनं तीच.

म्हणजे आतला मेंदू बदलता यावा, याच हिशेबाने ही कॅबिनेट घडवलेली आहेत. मग पायलाही त्याच रांगेतला आणखी एक बोर्ड का समजू नये? एका बाजूला जामाच्या पट्ट्या आणि दुसऱ्या बाजूला पायचं 40 पिनांचं हेडर (पिनांची रांग) असलेले अडॅप्टर बोर्ड तयार मिळतात, हात चालत असेल तर स्वतःही करता येतात. पाय काढला आणि जुना बोर्ड परत खोचला की मशीन पहिल्यासारखं. एकही वायर कापावी लागत नाही.

आता चित्राचं सांगतो, कारण खरी गंमत तिथेच आहे आणि लेखकाने नेमकी तीच पॅनल लावून मोडीत काढली आहे.

टीव्ही मेकॅनिकला 15,625 हा आकडा झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो. पाल, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या पद्धतीचा टीव्ही, सेकंदाला तेवढ्या ओळी काढतो. आर्केडचा साधा मॉनिटर त्याचाच भाऊबंद, 15.7 किलोहर्ट्झच्या आसपासचा. एका चित्राला 262 च्या आगेमागे ओळी, त्यातल्या दिसणाऱ्या सुमारे 240, आणि सेकंदाला साठेक चित्रं. ही ओळ काढण्याची शिटी तरुण कानांना ऐकूही येते. मला आता येत नाही, नातवाला येते. मॉनिटर चालू आहे की नाही हे तो बाहेरच्या खोलीतून सांगतो.

कॉम्प्युटरचा व्हिजीए मॉनिटर याच्या दुप्पट वेगाने, 31.5 किलोहर्ट्झवर चालतो. एचडीएमआयची तऱ्हा आणखी वेगळी. तिच्या नियमांत पिक्सेल क्लॉक, म्हणजे पिक्सेल पाठवण्याचा वेग, 25 मेगाहर्ट्झच्या खाली येऊच शकत नाही आणि 320 बाय 240 च्या चित्राला साडेसहाच्या आसपास पुरतो. म्हणजे एकेक पिक्सेल चार-चार वेळा पाठवायचा आणि पुढे तो डिजिटल सिग्नल अॅनालॉग करून देणारा डबा जोडायचा. करतात लोक, नाही असं नाही. पण पायच्या हेडरवर याहून सरळ रस्ता आहे. त्याला डीपीआय म्हणतात. पायचा ग्राफिक्सचा भाग प्रत्येक पिक्सेलचा रंग थेट या पिनांवर आकड्याच्या रूपात मांडतो. लालला सहा तारा, हिरव्याला सहा, निळ्याला सहा. प्रत्येक तारेवर एक रेझिस्टर, पुढच्याची किंमत मागच्याच्या दुप्पट. सहाही तारा पलीकडे एकत्र बांधल्या की एका रंगाच्या 64 छटा मिळतात, तिन्ही मिळून 2,62,144 रंग. गर्ट व्हॅन लू यांचा व्हिजीए 666 हा बोर्ड याच तत्त्वावर केलेला आहे आणि त्याचं डिझाइन सगळ्यांना खुलं आहे. चिप नाही, प्रोग्रॅम नाही, नुसते रेझिस्टर. मला हे डिझाइन फार आवडतं. आमच्या पिढीच्या माणसाला बघताक्षणी समजतं.

मात्र एवढ्यावर भागत नाही. रेझिस्टरच्या या शिडीतून येणारा सिग्नल व्हिजीएच्या मापाचा, म्हणजे 0.7 व्होल्टचा. आर्केडच्या मॉनिटरला त्याहून जोरकस सिग्नलची सवय असते. तसाच जोडला तर चित्र येतं, पण मावळतीच्या उजेडात बघितल्यासारखं. मग ट्यूबच्या मानेवरच्या नेक बोर्डावरचे प्रीसेट, म्हणजे कमी-जास्त करायचे बारीक स्क्रू, पिरगाळून उजेड वाढवायचा मोह होतो. तो टाळावा, कारण उद्या मूळ बोर्ड परत लावला की पडदा भगभगतो. मध्ये व्हिडिओ अॅम्प्लिफायरचा आयसी घालावा, म्हणजे मॉनिटरला हात लावावा लागत नाही. दुसरी गोष्ट सिंकची. पाय आडवा आणि उभा सिंक दोन वेगळ्या तारांवर देतो, जामावर सिंकला जागा एकच. दोन्ही एका साध्या लॉजिक गेटमधून एकत्र करून एकच कॉम्पोझिट सिंक द्यायचा. हे चुकलं तर चित्राचा वरचा कोपरा झेंड्यासारखा वाकतो, किंवा सगळं चित्र तिरपं होऊन फाटतं, आणि माणूस होल्डचा, म्हणजे चित्र स्थिर करायचा, स्क्रू फिरवत बसतो. होल्डचा त्यात काही दोष नसतो.

एक रंगच गायब असेल, सगळं पिवळट दिसत असेल, तर सॉफ्टवेअर उघडण्याआधी बोर्ड बाहेर काढून 13 नंबरची पट्टी बघा. तिथून निळा जातो. वर्षानुवर्षांचा काळा थर असतो. पांढऱ्या खोडरबराने दोन्ही अंगांच्या पट्ट्या घासाव्यात, रबराचा भुगा ब्रशने झाडावा, कनेक्टरच्या आतल्या पत्त्यांवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बोर्ड दोनदा आत-बाहेर करावा. माझ्याकडे आलेल्या 'पाय खराब आहे' छापाच्या तक्रारींतल्या कितीतरी अशा खोडरबरानेच मिटल्या आहेत.

पॅनलवाले म्हणतील, चित्र चित्रच ना, कशावरही दिसो. नाही हो. पॅक-मॅन सेकंदाला 60.6 चित्रं काढतो, मॉर्टल कॉम्बॅट 54.7. ज्या त्या बोर्डाचं ज्याचं त्याचं गणित होतं आणि ट्यूबचा मॉनिटर सिंक येईल तसा मुकाट्याने मागे जायचा. साधं पॅनल 60 म्हणजे 60. मग 54.7 चा गेम 60 वर ओढताना काही चित्रं दोनदा दाखवावी लागतात, आणि मागचं दृश्य सरकायला लागलं की ते अडखळतं. डीपीआयवर पायला नेमकं त्या गेमचं टायमिंग लावून देता येतं. शिवाय ट्यूब ही सिग्नल येईल तशी ओळ काढत जाते, साठवून ठेवायला तिच्याकडे जागाच नसते. बरीच पॅनल्स आधी अख्खं चित्र साठवून त्यावर प्रक्रिया करतात आणि मग दाखवतात. साठच्या वेगाला एक चित्र म्हणजे 16.7 मिलिसेकंद. वाचताना क्षुल्लक वाटतं, पण ज्याचा हात त्या गेमवर बसलेला आहे त्याला बटन दाबल्याबरोबर कळतं. बंदुकीचे जुने गेम तर पॅनलवर चालतच नाहीत, कारण ती बंदूक ट्यूबमधला किरण कोणत्या क्षणी समोर आला त्यावरून नेम ओळखते.

आणि उभ्या-आडव्याचा घोळ लेखात आलाच नाही. पॅक-मॅनचं चित्र 224 रुंद आणि 288 उंच, कारण मूळ मशीनमध्ये मॉनिटर कुशीवर झोपवलेला असतो. आडव्या मॉनिटरवर 240 ओळींत ते 288 बसवायचे तर एक तर काही ओळी खायच्या, नाही तर इंटरलेस करून, म्हणजे ओळी एकाआड एक दोन खेपांत काढून, चित्राची थरथर सोसायची. माझं मत सरळ आहे: मॉनिटर आडवा असेल तर आडवे गेम खेळावेत, उभा असेल तर उभे. पायमध्ये हजार गेम मावतात म्हणून एका कॅबिनेटमध्ये हजार घालायलाच हवेत असं कुणी सांगितलं? पण हे आपलं माझं मत.

आता ज्या गोष्टीसाठी मुळात पत्र लिहायला घेतलं ती. 'जुना मॉनिटर चार स्क्रू काढून बाहेर ओढा' असं छापून आलं आहे. एवढंच! रंगीत ट्यूबच्या अॅनोडला, म्हणजे वरच्या त्या रबरी टोपीखाली, 20 ते 25 हजार व्होल्ट असतात. स्विच बंद केला, प्लग काढला, तरी ट्यूब स्वतःच कंडेन्सरसारखी चार्ज धरून राहते. चासीवरचा, म्हणजे मॉनिटरच्या सर्किटवरचा, मोठा फिल्टर कंडेन्सर वेगळाच. झटक्याने हात मागे येतो आणि ट्यूबची मान मोडते, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ते घडलं तर नशीब चांगलं म्हणायचं. याहून वाईटही घडू शकतं. ज्याने हे काम शिकलेलं नाही त्याने मॉनिटरच्या मागे हात घालूच नये. आणि गंमत अशी, की जामाच्या वाटेने पाय जोडायचा तर मॉनिटरला हात लावायची गरजच पडत नाही. लेखकाने जे काम करायला सांगितलं तेच सगळ्यांत धोक्याचं आणि तेच अनावश्यक.

याला जोडून आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरचं. बऱ्याच आर्केड मॉनिटरांची चासी हॉट असते, म्हणजे मेनची (भिंतीतल्या विजेची) एक बाजू डायोडांच्या वाटेने थेट चासीच्या अर्थवर येते. म्हणून कॅबिनेटच्या तळाशी तो जड ट्रान्सफॉर्मर ठेवलेला असतो. काही महाभाग तो जुना अडगळीचा लोखंडी ठोकळा समजून काढून टाकतात. तो काढून मॉनिटर थेट मेनवर घेतला की पायच्या अर्थवर, यूएसबीच्या पत्र्यावर आणि कंट्रोल पॅनलच्या धातूवर मेनचा करंट खेळतो. पाय जोडण्याआधी तो ट्रान्सफॉर्मर जागेवर आहे आणि मॉनिटर त्याच्यातूनच चालतो आहे, हे जाणत्या माणसाकडून बघून घ्यावं. 15 किलोहर्ट्झच्या मॉनिटरला चुकून 31 चा सिग्नल देऊ नये हेही त्यातलंच. जुन्या चासीवर लाइन आउटपुटचा, म्हणजे ओळी काढणारा, ट्रान्झिस्टर त्यात जाऊ शकतो. पायचं टायमिंग आधी मेमरी कार्डावरच्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहावं आणि मगच मॉनिटरला जोडावं.

बटनांकडे येतो. जॉयस्टिकच्या चार दिशा आणि तीन बटनं, दोन खेळाडूंची मिळून झाली 14. दोन स्टार्ट, दोन कॉइन, एक सर्व्हिस, एक टेस्ट. झाले 20. पायच्या हेडरवर वापरता येण्यासारख्या पिना 28, त्यातल्या रंगाच्या 18 आणि सिंकच्या 2 डीपीआयने घेतल्या. उरल्या 8. वीस स्विच आठ पिनांवर कसे बसणार? म्हणून मध्ये एमसीपी 23017 सारखा आयसी घालतात. तो दोन तारांवर पायशी बोलतो आणि एकटा 16 स्विच बघतो; दोन लावले की प्रश्न मिटला. यूएसबीची एन्कोडर पट्टी (बटनं यूएसबीवर नेणारा छोटा बोर्ड) लावली तरी चालतं, फक्त तिच्या तारा जामाच्या कनेक्टरपर्यंत आणाव्यात, बटनांच्या मुळाशी जाऊन जुन्या तारा तोडू नयेत. स्ट्रीट फायटर 2 सारख्या सहा बटनांच्या गेमला जामाच्या तीन बटनांत भागत नाही. 1991 साली खुद्द मूळ बोर्डालाही त्यासाठी वेगळा जोड-कनेक्टर लागला होता.

इथे एक धोका कुणी सांगत नाही. पायच्या पिना 3.3 व्होल्टच्या. 5 व्होल्टही त्यांना सोसत नाहीत. सगळे स्विच नुसते अर्थला टेकणारे असल्यामुळे एरवी काही होत नाही. पण जामाचा कनेक्टर उलटा खोचला गेला तर? 1 नंबर 28 च्या जागी जातो, पण दोन्हीकडे अर्थच असल्याने तिथे ठिणगी उडत नाही. 6 नंबरवरचे 12 व्होल्ट मात्र 23 वर येतात, म्हणजे दुसऱ्या बटनाच्या तारेवर, आणि तिथून थेट आत. हे होऊ नये म्हणून 7 नंबरच्या जागी कनेक्टरमध्ये एक प्लास्टिकची पाचर असते आणि बोर्डाला तिथे खाच. जुन्या कनेक्टरांमधली ती पाचर हटकून हरवलेली असते. आधी तेवढी बसवून घ्या, मग पाय आणा.

सप्लायचं थोडक्यात. कॅबिनेटच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे पॉवर सप्लायच्या डब्यात, 5 व्होल्ट असतो आणि तो कमी-जास्त करायचा प्रीसेटही असतो. पण मल्टिमीटरच्या पिना सप्लायच्या स्क्रूवर टेकवून 5.1 दाखवला म्हणून खूश होऊ नका. जुनं वायरिंग आणि काळवंडलेल्या पट्ट्या यांच्यात थोडा व्होल्ट गळतो. मीटर पायच्या हेडरवर, गेम चालू असताना लावा. 4.63 च्या खाली गेला की पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह येतं आणि पाय मध्येच मरगळतो. हेडरवरून सप्लाय देताना बऱ्याच मॉडेल्सवरचा यूएसबीच्या वाटेतला फ्यूज टळतो, तेव्हा अडॅप्टरवर आपला फ्यूज असावा. उणे 5 व्होल्टची तार काही जुन्या बोर्डांना लागते, पायला नाही. ती तिथेच असू द्या.

आवाजासाठी छोटा अॅम्प्लिफायर लागतो, कारण जामाच्या 10 नंबरवर थेट स्पीकरच असतो. पीएएम 8403 सारखा आयसी वापरलात तर स्पीकरची उणे बाजू अर्थला जोडू नका. पाय 5 आणि पाय झीरोवर हेडफोनचा जॅक नाही, तिथे यूएसबीचं साऊंड कार्ड लावावं.

आणि स्विच. जुनी मशीनं बंद करायची पद्धत एकच, मागचा मेनचा स्विच खाली ओढायचा. पाय हा कॉम्प्युटर आहे, त्याला हे चालत नाही. कार्डावर काही लिहीत असताना करंट गेला की एक दिवस मशीन चालू होत नाही आणि पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं पळत राहतात. उपाय सोपा आहे. पायच्या कॉन्फिगमध्ये ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करता येते. मग कार्डावर काहीच लिहिलं जात नाही, सगळं मेमरीत राहतं आणि स्विच कधीही ओढा. हाय स्कोअरही मग बंद केल्याबरोबर पुसले जातात हे खरं, पण अनेक जुनी मशीनंही ते पुसायचीच. ज्यांना ठेवायचे असतील त्यांनी तेवढ्यासाठी पेन ड्राइव्ह लावावा. मी स्वतः सर्व्हिसचं बटन पायच्या शटडाऊनला जोडून घेतलं आहे. कॉइनच्या दाराआड असतं, पोरांच्या हाताला लागत नाही.

माझ्यावर दुसऱ्या बाजूनेही टीका होणार, हे मला ठाऊक आहे. मूळ बोर्डाशिवाय मशीन म्हणजे ढोंग, असं म्हणणारे कट्टर लोक आहेत. त्यांना मी एवढंच विचारतो, की बोर्ड राहणार किती दिवस? 1993 साली आलेल्या कॅपकॉमच्या सीपीएस-2 या बोर्डांवर गेमच्या प्रोग्रॅमला घातलेल्या कुलपाची किल्ली बॅटरीवर जिवंत ठेवलेल्या मेमरीत असायची. बॅटरी संपली की किल्ली पुसली, की बोर्ड मुका. मेम हा जुने आर्केड गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्रॅम 1997 पासून नेमकं हेच सांभाळतो आहे आणि 2016 पासून तो मुक्त स्रोत आहे. तो गेमची नक्कल करत नाही, आतल्या चिपांची करतो. स्पेस इन्व्हेडर्समध्ये शत्रू कमी होतात तसे ते वेगाने सरकू लागतात, कारण 1978 च्या त्या 8080 प्रोसेसरला काढायला कमी आकृत्या उरायच्या. मेममध्ये हा वेग कुणी वेगळा लिहिलेला नाही, तो आपोआप येतो. मूळ बोर्ड असेल तर तो रोज झिजवू नये, अँटिस्टॅटिक पिशवीत घालून कॅबिनेटच्या तळाशीच ठेवावा आणि रोजच्या खेळाला पाय असू द्यावा. मात्र मेम मोफत आहे म्हणून गेमही मोफत, असा अर्थ आपल्या लेखातून निघतो, तो चुकीचा आहे. गेमच्या प्रोग्रॅमचे हक्क ज्याचे त्याचे असतात. मेमच्या संकेतस्थळावर रॉबी रोटो, ग्रिडली असे मोजके गेम हक्कदारांच्या परवानगीने ठेवलेले आहेत. सुरुवात त्या गेमपासून करावी, जोडणी तपासायला ते पुरतात.

हे सगळं 1985 नंतरच्या, जामाच्या मशीनांना लागू. त्याआधीच्यांना त्या त्या मशीनपुरता वेगळा जोड-कनेक्टर करावा लागतो. आणि अॅस्टेरॉइड्स (1979) सारख्या व्हेक्टर मॉनिटरच्या वाटेला तर जाऊच नये. तिथे ओळीच नसतात, किरण थेट रेघ काढतो, आणि वर सांगितलेली रेझिस्टरची शिडी तिथे काही उपयोगाची नाही.

संपादक महोदय, लेखकाशी माझं वैर नाही. त्यांनी विषय काढला हे चांगलंच केलं. पण 'चार स्क्रू काढून मॉनिटर बाहेर ओढा' हे वाक्य तसंच राहता कामा नये. पुढच्या पुरवणीत निदान एक चौकट छापा: पिक्चर ट्यूबला बंद केल्यावरही हजारो व्होल्ट असतात, शिकलेल्या माणसाशिवाय कुणी मागे हात घालू नये, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर काढू नये, आणि वायरिंग कापण्याआधी बोर्डाच्या कडेवरच्या पट्ट्या मोजाव्यात. दोन्ही अंगांना 28-28 भरल्या, तर त्यावरच्या तारा जामाच्या तक्त्याशी ताडून बघाव्यात. जुळल्या, तर कटर बाजूला ठेवावा.

आपला नियमित वाचक,
एक टीव्ही मेकॅनिक